तिसऱ्या भागानंतर प्रश्नच बदलत नाही : एका क्राइम सीझनचा प्रकरण अभ्यास

इथे घेतलेला सीझन अभ्यासासाठी रचलेला आहे, पडद्यावर आलेल्या कुठल्याही मालिकेचा नाही. त्यातल्या चुका मात्र क्राइम पटकथांमध्ये पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या आहेत. आठ भाग, प्रत्येकी ४० मिनिटं, एकूण ३२० मिनिटं, एका भागात साधारण ३० सीन. गोष्ट ठाणे आणि नवी मुंबईत घडते, काळ जून ते सप्टेंबर २०२५.

विटावा आणि दिघ्याच्या मधल्या खाडीकाठच्या तिवरांत एक मृतदेह सापडतो. मयत माणूस साडेबारा टक्के योजनेतल्या भूखंडांची कागदपत्रं फिरवणारा दलाल. नवी मुंबईसाठी ज्यांच्या जमिनी संपादित झाल्या, त्या प्रकल्पग्रस्तांना जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड सिडकोकडून परत मिळतो, ती ही योजना. एकेका भूखंडामागे वारसांची कागदपत्रं, हक्कसोडपत्र, मुखत्यारपत्र, बिल्डरबरोबरचा त्रिपक्षीय करारनामा अशी रांग असते आणि त्या रांगेत मध्यस्थाला भरपूर जागा मिळते. तपास येतो कळवा पोलीस ठाण्यातल्या एका एपीआय, म्हणजे सहायक पोलीस निरीक्षक, मॅडमकडे. त्यांचं माहेर घणसोली गावात, वडील प्रकल्पग्रस्त.

सीझनमध्ये पाच ट्रॅक, म्हणजे समांतर चालणारे कथेचे धागे, आहेत. पहिला खुनाचा. दुसरा कार्यालयाचा, म्हणजे ठाणे आणि नवी मुंबई या दोन आयुक्तालयांमधली ओढाताण. तिसरा घरचा : वडील आणि त्यांची भूखंडाची फाइल. चौथा पोलीस ठाण्यातल्या जुन्या हवालदाराचा, ज्याच्या भावाचं वागळे इस्टेटमधलं वर्कशॉप कर्जात बुडालं आहे. पाचवा फ्लॅशबॅकचा : जानेवारी १९८४, उरण तालुक्यातलं जासईचं, जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांचं आंदोलन, दि. बा. पाटलांचं नेतृत्व, गोळीबारात गेलेले पाच जण आणि त्या गर्दीत तरुणपणचे वडील.

साहित्य उत्तम आहे. तरीही पहिला मसुदा तिसऱ्या भागापासून रेंगाळतो आणि सहाव्या भागापर्यंत सावरत नाही.

सगळ्यांना सारखं

पहिल्या मसुद्यात पाचही ट्रॅक प्रत्येक भागात हजर आहेत. खुनाला १६ मिनिटं, कार्यालयाला ८, घराला ८, हवालदाराला ५, फ्लॅशबॅकला ३. आठही भागांत हेच माप, रेशनच्या दुकानात मिळावं तसं. भिंतीवर रंगीत कार्डं लावली की प्रत्येक ओळीत पाचही रंग दिसतात आणि रायटर्स रूमला वाटतं, समतोल साधला. प्रेक्षकाला कार्डं दिसत नाहीत. त्याला एवढंच जाणवतं की गोष्ट पकड घेऊ लागली की कोणीतरी त्याला उठवून दुसरीकडे नेऊन बसवतं.

पण खरा दोष मिनिटांत नाही. तो शोधायला एक साधी तपासणी पुरते. प्रत्येक भाग वाचून संपला की प्रेक्षकाच्या डोक्यात उरलेला प्रश्न एका ओळीत लिहायचा, मागची पानं न उलटता. या मसुद्याचं उत्तर असं येतं : पहिल्या भागाअखेर, मयत कोण? दुसऱ्याअखेर, कोणी मारलं? तिसऱ्याअखेर, कोणी मारलं? चौथ्याअखेर तेच. पाचव्याअखेर तेच. कारण या तिन्ही भागांची बांधणी एकच आहे : एक संशयित ठाण्यात आणायचा, चौकशी करायची, त्या रात्री तो दुसरीकडे होता हे सिद्ध करायचं आणि सोडून द्यायचा. आधी बिल्डरचा मुकादम, मग मयताचा मेहुणा, मग एक माजी नगरसेवक. माहिती वाढत जाते, पण १२० मिनिटं प्रेक्षक एकाच प्रश्नावर उभा आहे.

संथ सीन चालतो. प्रश्न तोच राहिला तर मात्र सीन कितीही चटपटीत असो, भाग लांबतो. या सीझनची सगळी दुरुस्ती या एका गोष्टीवर उभी आहे.

आणि म्हणूनच कात्रीचा उपाय इथे लागू पडत नाही. रेंगाळणारा भाग हाती आला की पहिला हात कात्रीकडे जातो : ३० सीनचे ४२ तुकडे करायचे, एकात एक गुंफायचे. मुकादमाच्या चौकशीचा पाच मिनिटांचा सीन तिसऱ्या भागात आहे. त्याचे तीन तुकडे केले आणि मध्ये वर्कशॉप व घर घातलं, तर प्रत्येक परतीला आठ-दहा सेकंद फक्त खोली पुन्हा उभी करण्यात जातात : कोण कुठे बसलंय, पाण्याचा ग्लास कोणापुढे आहे, शेवटचं वाक्य कोणाचं होतं. चौकशीचा जीव गप्प बसण्यात असतो. विचारणारा थांबतो, समोरच्याला ते थांबणं सोसत नाही आणि तो नको ते बोलून जातो. ते थांबणं तुकड्यांत टिकत नाही. भाग चार मिनिटांनी कमी होतो आणि वाटतो मात्र पूर्वीपेक्षा मोठा.

हद्दीचा वाद पहिल्याच भागात संपवा

कार्यालयाच्या ट्रॅकचा मसुद्यातला मोठा आधार म्हणजे हद्द. प्रेत विटाव्याच्या बाजूला की दिघ्याच्या, म्हणजे गुन्हा ठाण्याचा की नवी मुंबईचा? कल्पना चांगली आणि या जागेला अगदी चपखल. पण मसुद्यात हा वाद पाचव्या भागापर्यंत चालतो आणि तिथे तो पोकळ होतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, पोलीस ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावी लागते, त्यालाच आपण झिरो एफआयआर म्हणतो. आणि गुन्ह्याची जागा नक्की सांगता येत नसेल, तर संबंधित हद्दींपैकी कुठल्याही न्यायालयात प्रकरण चालू शकतं. हे कलम १९८ मध्ये आहे, जुन्या संहितेतही होतं. त्यामुळे दोन ठाणी पाच भाग भांडताना दाखवली की कोर्ट-कचेरी जवळून पाहिलेला प्रेक्षक लगेच सुटतो, आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात असा प्रेक्षक घरटी सापडेल.

दुरुस्तीत वाद पहिल्या भागातच मिटतो. तिथे त्याला भरपूर जागा दिली : १२ मिनिटं. अकस्मात मृत्यूची नोंद, इन्क्वेस्ट पंचनामा, शवविच्छेदन, मग खुनाचा गुन्हा, हा क्रम नीट दाखवला की पहिला भाग आपोआप भरतो. एक तपशील मात्र काढावा लागला. मसुद्यात तिवरांच्या चिखलात सकाळी बुटांचे ठसे सापडतात. खाडीला दिवसातून दोनदा भरती येते, भरतीखाली जाणाऱ्या चिखलात रात्रीचा ठसा सकाळी मिळत नाही. उलट भरतीनेच कामाचा प्रश्न दिला : प्रेत इथे टाकलं, की वाहत आलं?

नव्वद दिवसांचं घड्याळ

मसुद्यात अटक सातव्या भागात आहे. त्याआधी गोष्टीला तारखाच नाहीत. "काही दिवसांनी" हे शब्द आराखड्यात अकरा ठिकाणी येतात. जिथे तारीख नाही तिथे घाईही नाही, आणि मग घाई दाखवायला पळापळ आणि पार्श्वसंगीत लागतं.

तपासाला कायद्याने दिलेलं घड्याळ फुकट मिळतं. अटकेनंतर २४ तासांत आरोपीला दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करायचं. खुनासारख्या गुन्ह्यात ९० दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही तर आरोपी जामिनाचा हक्कदार होतो. हे दिवस अटकेच्या तारखेपासून मोजत नाहीत. पहिल्यांदा कोठडी सुनावली त्या तारखेपासून मोजतात आणि तो दिवस पहिला धरतात. पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांची, पण नव्या संहितेच्या कलम १८७ प्रमाणे ती सलग घ्यावी लागत नाही, ९० पैकी पहिल्या ६० दिवसांत तुकड्यांनी घेता येते. पटकथाकाराने हे कलम पाठ करावं इतकं ते उपयोगाचं आहे.

दुरुस्त आराखड्यात मुकादमाची अटक दुसऱ्या भागाच्या शेवटी आली : रविवार, ८ जून. पहिली कोठडी ९ जून. ६०वा दिवस ७ ऑगस्ट. ९०वा दिवस शनिवार, ६ सप्टेंबर, आणि २०२५ मध्ये त्याच दिवशी अनंत चतुर्दशी होती. मासुंदा तलावापासून पारसिक रेतीबंदरापर्यंत सगळं पोलीस बळ विसर्जनाच्या बंदोबस्तात. म्हणजे दोषारोपपत्र आदल्या दिवशी, शुक्रवारीच दाखल व्हायला हवं, आणि सातव्या भागाला न मागता ताण मिळाला.

अटक अलीकडे आणल्याबरोबर प्रश्न बदलू लागतात. तिसऱ्या भागात विचारायचं राहतं ते, मुकादमाने हे कोणासाठी केलं? चौथ्यात, मयताच्या कागदांत कोणकोणाच्या सह्या आहेत? पाचव्यात, मॅडम या तपासावर राहू शकतात का? सहाव्यात, आतली माहिती बाहेर कोण नेतं? सातव्यात, शुक्रवारपर्यंत पुरावा उभा राहील का? आठव्यात, वडील जबाब देतील का? मेहुणा आणि माजी नगरसेवक आराखड्यात आहेतच, पण आता ते संशयित म्हणून येत नाहीत, साक्षीदार म्हणून येतात. दोघांचे मिळून ३१ सीन होते, ९ उरले.

प्रयोगशाळेच्या अहवालाचंही तसंच. मसुद्यात व्हिसेरा, म्हणजे मृतदेहातले तपासणीचे नमुने, कालिन्याच्या प्रयोगशाळेत जातो आणि पुढच्याच सीनला अहवाल हजर. दुरुस्तीत तो दुसऱ्या भागात जातो आणि सातव्यात येतो. मधल्या भागांत कोणीतरी एका वाक्यात "कालिन्याचं काय झालं?" एवढंच विचारतं. एवढ्याने प्रलंबित गोष्ट जिवंत राहते.

भाग ४, सीन २२

सीझनचा कणा इथे आहे, म्हणून तो जवळून पाहू. मसुद्यात मॅडमना माहेरच्या कपाटात फाइल सापडते. दलालाने केलेल्या खोट्या वारस प्रतिज्ञापत्रावर साक्षीदार म्हणून वडिलांची सही. मग बापलेकीचं तीन पानांचं भांडण. संवाद वाईट नाहीत. पण ही गोष्ट घराबाहेर कोणालाच माहीत नाही. फाइल पुन्हा कपाटात ठेवली की सीझन जिथे होता तिथेच.

दुरुस्त सीन वाशीतल्या मयताच्या गाळ्यात आहे. झडती चालू आहे. नव्या संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करावं लागतं. एक शिपाई मोबाइलवर ते करतोय, दोन पंच उभे आहेत, दुसरा शिपाई पंचनामा लिहितोय, हवालदार एकेक वस्तू उचलून वाचून दाखवतात.

"अनुक्रमांक सात. वारसाचं प्रतिज्ञापत्र, छायाप्रत, पानं चार. साक्षीदार…" हवालदार थांबतात.

"वाचा दादा."

हवालदार नाव वाचतात. लिहिणारा शिपाई मान वर न करता विचारतो, "मॅडम, आडनावात दुसरी वेलांटी की पहिली?"

"पहिली."

मॅडमचं सासरचं आडनाव वेगळं, त्यामुळे शिपायाला काही कळलेलं नाही. हवालदारांना कळलं आहे. सीन सव्वा पानाचा. तो दोन मिनिटं, एकाही कटशिवाय चालू द्यावा. हा सीझनमधला सर्वांत संथ सीन आहे आणि गोष्ट सर्वांत वेगाने इथेच पुढे जाते : कागद रेकॉर्डवर आला, बाजूला सारण्याची वाट बंद झाली आणि आपल्या वरिष्ठाचं गुपित कर्जात बुडालेल्या माणसाच्या हाती पडलं. खून, घर आणि हवालदार हे तीन ट्रॅक एका कागदात एकत्र आले. यापुढे घरचा सीन आला की तो खुनाचाही सीन असतो.

योजनेची माहिती द्यायची पद्धतही या सीनसाठी बदलली. मसुद्यात पहिल्याच भागात चार मिनिटांचं समजावणं होतं. आता पहिल्या भागात फक्त "जमीन गेली त्याला साडेबारा टक्के परत", तिसऱ्यात खोटा वारस कसा उभा करतात ते, आणि सीन २२च्या थोडं आधी त्या प्रतिज्ञापत्रावरच्या साक्षीदाराची जबाबदारी. सीन सुरू होतो तेव्हा प्रेक्षकाला सगळं ठाऊक असतं, मध्ये कोणी काही समजावत नाही.

मिनिटं पुन्हा मोजली तेव्हा

पूर्ण सीझनचा हिशेब असा बदलला : खून १२८ वरून १४० मिनिटं, कार्यालय ६४ वरून ४८, घर ६४ वरून ७२, हवालदार ४० वरून ५०, फ्लॅशबॅक २४ वरून १०. रेंगाळणाऱ्या सीझनमध्ये घरचा ट्रॅक वाढला, हे मुद्दाम पाहावं. "क्राइम शोमध्ये घरचं कमी करा" ही सूचना नेहमी येते आणि इथे ती पाळली असती तर सीझन मेला असता.

मोठा फरक भागवार आहे. दुसऱ्या भागात खुनाला ३० मिनिटं, घराला ४, हवालदाराला शून्य. पाचव्यात घराला २४, खुनाला फक्त ६. सहाव्यात हवालदाराला २२, खुनाला १२, घराला शून्य. एखादा ट्रॅक एक भाग पूर्ण गायब राहिला तर चालतं. दोन भाग राहिला तर परतल्यावर ओळख नव्याने करून द्यावी लागते. इथे ट्रॅक आणि माणूस यांत गल्लत होते. दुसऱ्या भागात हवालदाराचा ट्रॅक नाही, पण हवालदार खुनाच्या सीनमध्ये जागोजागी दिसतातच : पंच शोधतात, स्टेशन डायरी लिहितात, मॅडमसाठी चहा सांगतात. प्रेक्षक त्यांना विसरत नाही, आणि तिसऱ्या भागात वर्कशॉप दिसलं की लगेच जोडून घेतो.

पाचव्या भागात घराला इतकं देणं धोक्याचं होतं. ते पेललं कारण मागे तारीख चालू आहे. आधी घेतलेली पोलीस कोठडी ९ ते १९ जून, म्हणजे ११ दिवस. चार दिवस राखून ठेवलेत आणि ते ७ ऑगस्टच्या आत वापरायचे आहेत. खुनाची सहा मिनिटं फक्त एवढीच आठवण करून देतात. घरात वडील म्हणतात, "बाय, सही माजीच हाय," आणि प्रेक्षकाला माहीत असतं की मॅडमनी वरिष्ठांना कळवायला उशीर केला तर ते चार दिवस हातचे जातील. भागाच्या अखेरीस त्या तपास काढून घेण्याबद्दलचं पत्र देतात. सहावा भाग ४ ऑगस्टला, राखलेल्या कोठडीने उघडतो. मुकादमाला नव्या तपास अधिकाऱ्यापुढे बसवलं जातं, आणि फक्त फाइलमध्ये असलेली एक गोष्ट त्याला आधीच माहीत आहे. तिथून माग हवालदारापर्यंत पोचतो.

फ्लॅशबॅक दर भागाच्या सुरुवातीला तीन-तीन मिनिटं होता. पाच माणसं जिथे गेली तो प्रसंग आठ तुकड्यांत वाटला की त्याचं वजन जातं, तो शीर्षकगीतासारखा नेमाने येतो आणि प्रेक्षक त्याआधीच पुढे सरकवायचं बटण दाबायला शिकतो. आता तो पाचव्या भागात सलग सहा मिनिटं आणि आठव्यात चार. आधी वडिलांवरचं ओझं कळलं, मग त्या ओझ्याचं मूळ, हा क्रम इथे योग्य.

शूटिंगच्या बाजूने

दिवसाला पाच ते सहा मिनिटांचं काम धरलं तर ३२० मिनिटांना ५४ ते ६४ दिवस लागतात. ट्रॅक एकवटल्याने इथे बचत झाली. पाचव्या भागातलं घर एकाच ठिकाणी चार-पाच दिवसांत उरकतं. पूर्वी तेच घर आठ भागांच्या छोट्या सीनसाठी कॉल शीटवर, म्हणजे रोजच्या शूटिंगच्या वेळापत्रकात, सतत परत येत होतं. सेट घोडबंदर रोडला आणि लोकेशन दिघ्याला असेल, तर एकाच दिवसात दोन्ही करण्याचा बेत कागदावरच राहतो. युनिट हलवण्यात अर्धी शिफ्ट जाते.

खाडीचे सीन १४ होते, ६ ठेवले. कांदळवनात चित्रीकरणाला परवानगी लागते, ऐरोलीच्या बाजूला २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, आणि ओहोटीची वेळ पाहूनच आत उतरता येतं. म्हणजे दिवसाला चार तासही धड मिळत नाहीत. पहिल्या आणि आठव्या भागातले खाडीचे सीन एकत्र घ्यायचे, तर मॅडमचा गणवेश आणि केस दोन वेगळ्या महिन्यांचे दिसायला हवेत. ही नोंद आराखड्यातच असावी, सेटवर ती आठवत नाही.

सीझन एकदम येणार की आठवड्याला एक भाग, हे संकलनापूर्वी ठरलेलं बरं. आठवड्याने येणाऱ्या सीझनमध्ये सहाव्या भागातलं घराचं शून्य जाणवेल, दोन आठवडे वडील दिसणार नाहीत. तिथे पाचव्या भागाचा शेवटचा दीड मिनिटाचा सीन सहाव्याच्या सुरुवातीला न्यावा. वाहिनीवर अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये दाखवायचं तर गोष्ट वेगळीच. तासाला १२ मिनिटांपर्यंत जाहिराती धरून मांडणी करावी लागते आणि सीन २२ची दोन मिनिटं ब्रेकच्या अगदी आधी यावी लागतील.

दोन अडचणी अजून उभ्या आहेत. कार्यालयाचा ट्रॅक ४८ मिनिटांवर आल्यावर नवी मुंबईचे अधिकारी फिके पडले. पहिल्या भागात त्यांची धार दिसते, मग सातव्यापर्यंत ते फक्त फोनवर आहेत. त्यांना मिनिटं वाढवून देण्याऐवजी वाशीच्या झडतीत प्रत्यक्ष उभं करावं. गाळा त्यांच्याच हद्दीत आहे, ते तिथे असणं साहजिक आहे, आणि वडिलांचं नाव वाचलं जात असताना त्यांची नजर मॅडमकडे जाते की नाही, हे दिग्दर्शकाने ठरवावं. दुसरी अडचण सहाव्या भागाची. तो सुरुवातीपासून हवालदाराच्या घरी असला की चाणाक्ष प्रेक्षकाला दहाव्या मिनिटाला उत्तर कळतं. कोठडीचा सीन आधी आणि वर्कशॉप नंतर असा एक क्रम, आणि उलटा दुसरा, दोन्ही रफ कटमध्ये, म्हणजे कच्च्या संकलनात, लावून पाहता येतात. त्यासाठी वर्कशॉपचा पहिला सीन सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही उजेडांत घेऊन ठेवावा, म्हणजे संकलकाचे हात मोकळे राहतील.